साथ सर्वांना, मरण कोणाला?

पावसाची झड लागली की पुण्यात फ्लूची साथ सुरू होते. जुलै ते सप्टेंबर एक आणि जानेवारी ते मार्च दुसरी, अशा वर्षातल्या दोन लाटा इथल्या डॉक्टरांना आता पाठ झाल्या आहेत. मग प्रस्थापित वर्तमानपत्रांतून ठरलेले लेख येतात. गरम पाणी प्या, विश्रांती घ्या, गर्दी टाळा, खोकताना रुमाल धरा! आणि शेवटी हमखास एक वाक्य असते की, विषाणू गरीब-श्रीमंत पाहत नाही, जात-धर्म पाहत नाही. २०२० साली तर हे वाक्य मंत्र्यांपासून सिनेनटांपर्यंत सर्वांच्या तोंडी होते. जानेवारी २०२५ मध्ये एचएमपीव्ही नावाच्या विषाणूची हवा झाली (हा विषाणू नवा नव्हे, २००१ सालीच तो हॉलंडमध्ये ओळखला गेला होता), तेव्हाही ते पुन्हा ऐकायला मिळाले.

हे वाक्य खोटे आहे असे आम्ही म्हणत नाही. ते अर्धे आहे, असे आमचे म्हणणे आहे. विषाणू जात पाहत नाही हे कबूल. पण तो कोणाच्या छातीत किती वेळा शिरणार, ती छाती आधीच धुराने आणि सिमेंटने किती पोखरलेली असणार, आणि ताप आल्यावर त्या माणसाला अंथरुणावर पडून राहता येणार की दुसऱ्या दिवशी पाटी उचलावी लागणार, हे सर्व या देशात जन्माने आणि जन्माने दिलेल्या कामाने ठरत आले आहे. वाक्याचा हा उरलेला अर्धा भाग कोणी बोलत नाही. कारण तो बोलायचा तर आकडे लागतात, आणि आकडे कोणी ठेवतच नाही!

मागच्या पावसाळ्यात आम्ही काही कार्यकर्त्यांसह महाळुंगेला गेलो होतो. चाकणजवळचे महाळुंगे नव्हे. बाणेर-बालेवाडीला लागून मुळा नदीकाठी असलेले, मुळशी तालुक्यातले महाळुंगे. शिवछत्रपती क्रीडासंकुलाच्या पलीकडे गेले की एका बाजूला वीस-पंचवीस मजली इमारती, दुसऱ्या बाजूला हिंजवडीकडे जाणारा रस्ता, आणि मध्ये मिळेल त्या मोकळ्या जागेत बांधकाम मजुरांच्या पत्र्याच्या रांगा. ३० जून २०२१ रोजी जी २३ गावे पुणे महापालिकेत घेतली गेली, त्यांत हे गाव आहे. त्याआधी येथे ग्रामपंचायत होती, तालुक्याचे ठिकाण डोंगरापलीकडे पौडला. आता कारभार महापालिकेचा. मोठ्या सोसायट्यासुद्धा पाण्यासाठी टँकरची वाट पाहतात. जिथे सोसायट्यांची ही गत, तिथे पत्र्याच्या रांगेत कोणाला पाणी पुरणार? आणि प्रत्येक पत्रक सांगते की वीस सेकंद साबणाने हात धुवा!

नांदेड जिल्ह्यातून आलेली एक भगिनी आम्हाला तिथे भेटली. नवरा सेंट्रिंगच्या कामावर, ही बिगारी. आठ बाय दहाच्या खोलीत दोघे, सासू आणि तीन लेकरे. धाकटे पाच महिन्यांचे. त्याला सात वर्षांची बहीण सांभाळते. बाळाच्या छातीतून घरघर ऐकू येत होती. आम्ही म्हटले, ताई, दवाखान्यात दाखवले का? ती म्हणाली, "दाखवलं ना दादा. डॉक्टरनी सांगितलं, धुरात ठेवू नका, थंडीत ठेवू नका, आजारी माणसापाशी नेऊ नका. मी म्हणलं, साहेब, मग ठेवू कुठं?" सासूला पंधरा दिवसांपासून खोकला होता. चूल खोलीच्या दारातच होती. पाऊस आला की ती आत घ्यावी लागते.

या भगिनीला त्या डॉक्टरांनी जे सांगितले ते शास्त्राला धरूनच होते, त्यांच्यावर आमचा राग नाही. श्वसनाचे नेहमीचे विषाणू माणसागणिक वेगळे वागतात, ही गोष्ट आता नीट माहीत झालेली आहे. आरएसव्ही म्हणून एक विषाणू आहे. मोठ्या माणसाला तो झाला तर सर्दीपलीकडे फारसे काही होत नाही. पण सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या फुप्फुसातल्या बारीक नळ्या मुळातच अरुंद असतात. त्या सुजल्या आणि चिकट स्रावाने भरल्या की बाळाला श्वास ओढता येत नाही. २०१९ सालच्या जागतिक अंदाजानुसार पाच वर्षांखालची एक लाखाहून अधिक बालके एका वर्षात या एका विषाणूने गेली, आणि त्यातील ९७ टक्क्यांहून अधिक मृत्यू गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत झाले. तीन चतुर्थांश मृत्यू तर रुग्णालयाबाहेरचे आहेत. म्हणजे ही लेकरे घरात, वाटेत, रानात गेली. आपल्या मेळघाटात संशोधकांनी गावोगाव जाऊन पाहिले तेव्हाही हेच दिसले की आरएसव्हीने मरणारी तान्ही बाळे अनेकदा घरातच मरतात. श्रीमंत देशांत २०२३ पासून गरोदर स्त्रीला या विषाणूची लस देतात, म्हणजे बाळ संरक्षण घेऊनच जन्माला येते. महाळुंगेच्या पत्र्याच्या खोलीत ही लस कधी पोचणार?

फ्लूचे वागणे थोडे निराळे आहे. तो लहान मुलांना आणि म्हाताऱ्यांना छळतोच. शिवाय गरोदर स्त्री, मधुमेही, हृदयरोगी, दम्याचा किंवा जुन्या क्षयाचा रुग्ण यांना तो न्यूमोनियापर्यंत नेतो. २००९ च्या स्वाइन फ्लूत तर धडधाकट तरुण माणसेही गेली. देशातला त्या साथीचा पहिला मृत्यू पुण्यातच झाला, ३ ऑगस्ट २००९ रोजी, एका १४ वर्षांच्या शाळकरी मुलीचा. नायडू रुग्णालयाबाहेरच्या रांगा, रुमाल बांधून फिरणारे शहर आणि चढ्या भावाने विकले जाणारे मास्क पुणेकरांना आठवत असतील. साथ आली होती परदेशातून, विमानाने. ९ मार्च २०२० रोजी राज्यातले कोरोनाचे पहिले रुग्ण सापडले, तेही दुबईहून पुण्यात परतलेले प्रवासी होते. साथ ज्यांच्याबरोबर येते त्यांच्यात फार काळ राहत नाही, ती लवकरच वस्तीत उतरते.

आता वैद्यकशास्त्र जेव्हा 'जोखमीचे गट' सांगते, तेव्हा ते वय सांगते, आजार सांगते, गरोदरपण सांगते. इथे शास्त्र थांबते आणि आमचा प्रश्न सुरू होतो. जुना क्षय कोणाच्या फुप्फुसात असतो? चुलीच्या धुराने श्वासनळीतील केसांसारखी बारीक तंतूंची झाडू, जी जंतू बाहेर लोटते, ती कोणाची निकामी झालेली असते? दगडखाणीत, वीटभट्टीवर, बांधकामावर पिढ्यानपिढ्या धूळ कोणी खाल्ली? औंधच्या उरोरुग्णालयात दम लागून बसलेली माणसे पाहावीत आणि त्यांचे गाव, त्यांचे काम विचारावे. वैद्यकाच्या पुस्तकात ज्याला जोखमीचा गट म्हणतात, तो आपल्याकडे बव्हंशी गावकुसाबाहेरचा गट आहे.

हे आम्ही भावनेच्या भरात म्हणत नाही. याला शंभर वर्षांपूर्वीचा पुरावा आहे, आणि तोही इंग्रज सरकारच्या दप्तरातला. जून १९१८ मध्ये मुंबईच्या गोदीवर पहारा देणारे पोलीस शिपाई तापाने आजारी पडले आणि इन्फ्लुएन्झा मुंबईत शिरला. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये दुसरी लाट आली ती भयंकर होती; ६ ऑक्टोबर १९१८ या एकाच दिवशी मुंबईत ७६८ मृत्यू नोंदले गेले. त्या वर्षी पाऊस रुसलेला, धान्य महागलेले. एकट्या मुंबई इलाख्यात सुमारे दहा लाख माणसे मेली. पुरुषांपेक्षा स्त्रिया जास्त मेल्या, कारण आजाऱ्यांची सेवा त्यांच्याकडे आणि ताटातले उरलेसुरलेही त्यांच्याकडे. मुंबई महापालिकेच्या आरोग्य खात्याने मृत्यूंची जमातवार मोजणी केली होती. दर हजारी युरोपियन मेले ८.३, पारशी ९, सवर्ण हिंदू १८.९, मुसलमान १९.२. आणि 'खालच्या जातींचे हिंदू' असा जो रकाना होता, त्यात आकडा आहे ६१.६!

एकसष्ट पूर्णांक सहा. सवर्ण हिंदूंच्या तिपटीहून जास्त आणि युरोपियनांच्या सातपटीहून जास्त. विषाणू एक, शहर एक, महिने तेच. कोणी म्हणेल की त्या काळच्या खानेसुमारीत खालच्या जाती पुरत्या मोजल्या गेल्या नव्हत्या, म्हणून दर फुगला. ठीक आहे, आकडा निम्मा करा. तरीही तो सवर्णांच्या दीडपटीहून जास्तच उरतो. त्या महिन्यांत बाबासाहेब मुंबईतच होते, परळच्या पोयबावाडीत, इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत, सामाईक नळ आणि सामाईक संडासांमध्ये. नोव्हेंबर १९१८ मध्ये ते सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक म्हणून रुजू झाले, म्हणजे साथीचा कहर नुकताच ओसरू लागलेला असताना. ज्या गिरणगावात प्रेते मोजली जात होती, त्याच गिरणगावातून ते रोज शिकवायला जात होते. आमच्या चळवळीच्या इतिहासात या साथीबद्दल फारसे लिहिले गेलेले नाही, हा आमचाही दोष आहे. १८९७ च्या प्लेगात महारवाड्यातल्या आजारी मुलाला उचलून दवाखान्यात नेणाऱ्या आणि त्याच प्लेगाने गेलेल्या सावित्रीमाई आम्हाला आठवतात, दर १० मार्चला आम्ही त्यांना अभिवादनही करतो. पण १९१८ चे आमचे मृत कोणी मोजले नाहीत असे नाही, मोजलेले असून ते आम्ही वाचले नाहीत.

आता शंभर वर्षे पुढे येऊ. जुलै-ऑगस्ट २०२० मध्ये पुण्यातील पाच प्रभागांत १,६६४ जणांचे रक्त तपासले गेले. आयसर, पुणे विद्यापीठ आणि इतर संस्थांचे हे काम होते. कोरोना होऊन गेल्याची खूण सरासरी निम्म्या लोकांत, म्हणजे ५१.५ टक्क्यांत, सापडली. पण सरासरीच्या पोटात पाहा. सामाईक संडास वापरणाऱ्यांत ६२.३ टक्के, स्वतःचा संडास असणाऱ्यांत ४५.३ टक्के. अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्यांत ३३ टक्के. लोहियानगर-कासेवाडी प्रभागात ६५.४ टक्के! मुंबईत त्याच सुमारास तीन विभागांत पाहणी झाली, तिथे झोपडपट्टीत ५७ टक्के आणि झोपडपट्टीबाहेर १६ टक्के. संडासाची कडी, नळाची तोटी, जिन्याचा कठडा यांच्यापासून आमची माणसे अंतर ठेवणार कसे? ज्यांनी दोन हजार वर्षे आम्हाला अंतरावर ठेवले, त्यांनीच आम्हाला अंतर ठेवायला सांगावे, हा त्या वर्षीचा मोठाच विनोद होता.

या पाहण्या महत्त्वाच्या आहेत, त्या करणाऱ्यांचे आभारच मानले पाहिजेत. पण एक गोष्ट लक्षात घ्या. त्यांनी घराचा प्रकार विचारला, संडास विचारला, वय विचारले. २०२० ते २०२२ या काळात सरकारचे रोजचे तक्ते येत होते. त्यांत जिल्हा होता, वय होते, लिंग होते, मधुमेह आणि रक्तदाब होता. जात नव्हती. इंग्रजांच्या महापालिकेने १९१८ साली जो रकाना ठेवला, तो स्वतंत्र भारताच्या संगणकात नव्हता! महाळुंगेहून हाकेच्या अंतरावर, पाषाणला, राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेची देशातली सर्वांत कडेकोट प्रयोगशाळा आहे. १९५२ साली पुण्यात स्थापन झालेल्या या संस्थेने देशाची मोठी सेवा केली आहे. तिथे विषाणूच्या वंशावळीतला एक-एक बदल मोजता येतो. त्या विषाणूने मेलेल्या माणसांचे सामाजिक स्थान मात्र या देशात कोणी मोजत नाही. हे काम त्या संस्थेचे नव्हे, शासनाचे आहे. आणि शासनाला ते नको आहे.

जातीचा संबंध विषाणूशी जोडला की काही मंडळी लगेच म्हणतात, तुम्ही रक्तात जात शोधता का? आम्ही शोधत नाही. पण एक उदाहरण असे आहे की ते आमच्याच घरातले आहे. विदर्भात, नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या पट्ट्यात सिकलसेलचा आजार आदिवासींत आहे, तसाच आपल्या बौद्ध समाजातही मोठ्या प्रमाणावर आहे. सिकलसेलच्या मुलाला साधा फ्लू झाला तरी छातीत रक्ताचे कोयत्यासारखे वाकडे कण अडकून फुप्फुस बंद पडू लागते; इतर मुलांना जो ताप चार दिवसांत उतरतो, तो या मुलाला अतिदक्षता विभागात नेतो. हा दोष कुठल्या पापाचा नाही आणि 'हीन रक्ताचा' तर मुळीच नाही. मलेरियाच्या प्रदेशात या गुणाचा एकच अंश असलेली माणसे मलेरियातून वाचली, म्हणून तो टिकला. तो ठरावीक जातींत साचून का राहिला? कारण लग्ने जातीतच होत राहिली. मे १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात बाबासाहेबांनी सजातीय विवाह हेच जातीचे मूळ असल्याचे सांगितले होते. जातीने घातलेले कुंपण माणसाच्या हाडामांसापर्यंत कसे जाते, याचे याहून स्पष्ट उदाहरण आम्हाला माहीत नाही. १ जुलै २०२३ रोजी केंद्राने सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. तिचा भर आदिवासींवर आहे, तो योग्यच आहे. पण विदर्भातून पोट भरायला हिंजवडीच्या बांधकामावर आलेल्या बौद्ध कुटुंबातल्या सिकलसेलच्या मुलाला पावसाळ्यापूर्वी फ्लूची आणि न्यूमोकोकलची लस मिळाली का, हे कोण पाहणार? तो विदर्भाच्या यादीतून गेला आणि पुण्याच्या यादीत आला नाही.

लसीचा विषय निघालाच आहे तर तेही सांगू. गरोदर माता, मधुमेही आणि रक्तदाबाचे रुग्ण यांना इन्फ्लुएन्झाची लस मोफत देण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने २०१५ साली घेतला होता. न्यूमोकोकलची लस २०२१ पासून बाळांच्या सरकारी लसीकरणात आहे. महाळुंगेच्या त्या वस्तीत आम्ही विचारले तर फ्लूची लस म्हणून काही असते हेच कोणाला माहीत नव्हते. २०२१ च्या मे महिन्यात काय झाले तेही विसरता येत नाही. १८ ते ४४ वयाच्या माणसांना फक्त मोबाइलवर नोंदणी करूनच कोरोनाची लस मिळायची. शहरातील मंडळी आपल्या गाड्या घेऊन मुळशी-मावळच्या आरोग्य केंद्रांवर जात होती, कारण तिथल्या जागा त्यांच्या बोटांनी आधी पकडलेल्या असत. गावातला शेतमजूर त्या रांगेकडे बाहेरून पाहत होता. लस घ्यायला आलेल्यांचा त्यात गुन्हा नाही. ज्यांनी ती पद्धत आखली, त्यांना गावातला माणूस डोळ्यांसमोरच नव्हता.

आणि विश्रांती! फ्लूवरचे अर्धे औषध विश्रांती आहे. महाळुंगेच्या भगिनीने सांगितले, "खोकला आला म्हणून खोलीवर बसलं तर त्या दिवसाची हजेरी गेली. दोन दिवस बसलं तर मुकादम दुसरी बाई आणतो." गावातून घेतलेली उचल अजून फिटलेली नाही. पलीकडच्या इमारतींत घरकाम करणाऱ्या भगिनींचेही असेच. २०२० साली याच परिसरातील कित्येक सोसायट्यांनी मोलकरणींना दार बंद केले, नंतर उघडले तर वेगळ्या लिफ्टची पाटी लावून. घरातली मंडळी परदेशातून किंवा लग्नकार्यातून खोकत परतली तेव्हा त्या भगिनींना कोणी विचारले नाही की आज येऊ नका, पगार मिळेल. पुण्यात कचरा गोळा करणाऱ्या हजारो स्त्रिया, ज्या बहुतांश दलित आहेत, त्या टाळेबंदीतही रोज दारोदार गेल्या. आजाऱ्याच्या घरातला रुमाल, मास्क, सुई सर्व त्यांच्या हाताखालून गेले.

आजारपणात मजुरी मिळावी ही काही परदेशी कल्पना नाही. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्याच काळात, १९४३ साली, कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना तयार करण्याचे काम प्राध्यापक अडारकरांकडे दिले गेले आणि त्यातून १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा आला. या विम्याखालील कामगार आजारी पडला तर त्याला वर्षात ९१ दिवसांपर्यंत मजुरीच्या ७० टक्के रक्कम मिळू शकते. ज्या महापुरुषाने कामगाराच्या आजारपणाचा विचार केला, त्याच्या फोटोला हार घालणाऱ्या महाळुंगेच्या मजुरांपैकी आम्ही भेटलेल्या एकाच्याही खिशात त्या विम्याचे कार्ड नव्हते. बांधकामाच्या खर्चावर १९९६ च्या कायद्यापासून उपकर घेतला जातो, कल्याणकारी मंडळाकडे तो जमा होतो. घरेलू कामगारांसाठी राज्यात २००८ चा कायदा आहे. एप्रिल २०२१ मध्ये राज्य सरकारने दीड हजार रुपये देऊ केले तेव्हा ते 'नोंदणीकृत' कामगारांनाच होते. नोंदणीसाठी नव्वद दिवसांच्या कामाचा दाखला लागतो आणि तो दाखला देणारा ठेकेदार दर तीन महिन्यांनी बदलतो. पन्नासहून जास्त स्त्रिया कामावर असतील तर पाळणाघर द्यावे, असे त्या १९९६ च्या कायद्यात होते. हजेरीपटावर स्त्रिया पन्नासच्या आत कशा राहतात, हे वाचकांनी समजून घ्यावे.

म्हणून आम्हाला पुन्हा नोंदीकडेच यावे लागते. केंद्र सरकारने ३० एप्रिल २०२५ रोजी येत्या जनगणनेत जातनिहाय मोजणीचा निर्णय जाहीर केला. आमच्यातले अनेक जण त्यावर समाधानी दिसतात. पण जनगणना जिवंत माणसांची होते. अनुसूचित जातींचे जिवंत आकडे तर आधीपासूनच आहेत. मेलेल्यांचे काय? मृत्यूच्या नोंदीच्या सरकारी नमुन्यात धर्माचा रकाना आहे, व्यवसायाचा आहे, मृत व्यक्ती तंबाखू खात होती का याचाही आहे. जातीचा नाही. २०२० साली देशात नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी डॉक्टरने कारण लिहून दिलेले मृत्यू चौथ्या हिश्श्याहूनही कमी होते. बाकीच्यांचे कारण म्हणजे म्हातारपण, दम लागणे, अचानक. मृत्यूच्या नमुन्यात जातीचा रकाना घालावा आणि दर साथीनंतर आरोग्य खात्याने १९१८ प्रमाणे जमातवार तक्ता छापावा, ही मागणी आता आमच्या संघटनांच्या निवेदनांत आली पाहिजे. स्मारके आणि नामांतरे यांच्या मागण्यांत तिला पहिली जागा मिळाली तरी बिघडणार नाही.

रकाना येईल तेव्हा येईल. धर्माचा रकाना आजच आहे, आणि त्याचे आपण काय करतो? २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ६५ लाखांवर बौद्ध नोंदले गेले. पण घरात मरण होते, नोंद करायला कोणी शेजारी किंवा भाऊबंद जातो, समोरचा कारकून विचारतही नाही, 'हिंदू' लिहून मोकळा होतो. १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्ध लिहिल्याने सवलत जाते ही भीतीही उरलेली नाही. व्यवसायाच्या रकान्यातही मजुराच्या बाईला 'गृहिणी' लिहितात. आयुष्यभर विटा वाहून फुप्फुस गमावलेली बाई कागदावर घरात बसून मेलेली असते. नोंद करायला जाणाऱ्याने धर्म बौद्ध आणि व्यवसाय बांधकाम मजूर, कचरावेचक, घरकामगार असे स्पष्ट सांगावे आणि लिहिलेले वाचून पाहावे. एवढे केले तरी पुढच्या साथीत बौद्धांचे मृत्यू वेगळे काढून मोजता येतील.

महाळुंगेहून परतताना आमच्याबरोबरच्या एका परिचारिका ताईंनी त्या भगिनीला बाळाचे श्वास मोजायला शिकवले. बाळ शांत असताना, पूर्ण एक मिनिट, पोट वर-खाली होते ते मोजायचे. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त झाले, बरगडीखाली खड्डा पडू लागला, किंवा बाळ अंगावर पिईनासे झाले, तर हजेरीचा विचार न करता तडक सरकारी रुग्णालय गाठायचे. त्या दिवशी पाच महिन्यांच्या त्या बाळाचे श्वास ४६ भरले. दर रविवारी विहारात वंदनेला आपल्या माता-भगिनी जमतात. वंदना झाल्यावर हे शिकवायला पंधरा मिनिटे लागतात, आणि एक सेकंदकाट्याचे घड्याळ.